चिंच वाऱ्यानं पडली असं ठरलं

आमच्याकडे चिंच विकत नाहीत, झाड देतात. मार्गशीर्षात शेंगा अजून हिरव्या असताना घेणारी बाई येते, झाडाखाली उभी राहते, मान वर करून एकेक फांदी बघते आणि पैसे तेव्हाच देऊन टाकते. मग जुन्या लुगड्याची पट्टी फाडून खोडाला बांधते. पट्टी बांधली की झाड तिचं. आमच्या दारात उभं असलं, आमच्या विहिरीचं पाणी पीत असलं, तरी तिचं. होळी झाल्यावर ती झोडपायला गडी घेऊन येईपर्यंत घरच्यांनी आमटीपुरतीसुद्धा शेंग तोडायची नाही. माझ्या सासूनं एकदा नातवाला एका शेंगेसाठी बदडलं होतं. बाकी तिच्यात सांगण्यासारखं काही नव्हतं, पण पट्टीला ती मानायची.

ही रीत धायरीत आता कुणाला सांगितली तर हसतात. द्यायला झाडंच राहिली नाहीत. आमच्या आळीत जिथं गोठे होते तिथं चार-चार मजले झाले. आमचाही झाला. खाली आम्ही राहतो, वर भाडेकरू. सगळी नोकरदार पोरं, सकाळी गाडी काढतात, रात्री लावतात. अंगणात एक चिंच राहिली होती, तीसुद्धा मुलाला नको होती. पानं गाडीवर पडतात, पक्षी घाण करतात, असं भाडेकरू म्हणायचे. मी म्हणायचे, मग गाडी डोक्यावर घेऊन झोपा.

झाड घेणारी बाई गडाच्या पायथ्याच्या गावची. पन्नाशीची असेल. नवरा कधीच गेलेला, घरात एकटी. आमची चिंच ती बरीच वर्षं घ्यायची. झोडपून न्यायची, वाळवायची, फोडायची, चिंचोके काढायची, मीठ लावून गोळे करायची. त्यातले थोडे ती रस्त्यावर बसून विकायची, पण बहुतेक सगळा माल पुण्यात कसबा पेठेतल्या एका दुकानात जायचा. दुकानदार भेळेची चटणी करून विकतो. आमच्या झाडाची चिंच लालसर होती आणि तिच्यात गर भरपूर, त्यामुळे त्याला ती पसंत होती. त्या एका गिऱ्हाइकावर तिचं वर्ष चालायचं. हे तिनंच मला सांगितलं होतं, आमच्या ओट्यावर चहा पिताना. म्हणजे मला माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

त्या वर्षी तिनं पट्टी बांधली आणि नंतर पौषात माझ्या मुलानं अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवायला काढले. गाड्यांसाठी जागा सपाट हवी होती. चिंचेची मुळं वर आली होती, त्यावरून चाकं उडायची. जेसीबी आला. मी ओट्यावर बसून होते. मशीनवाल्या पोरानं झाडाच्या एका अंगानं चर खणला आणि जे आडवं आलं ते तोडलं. मांडीएवढी मुळं होती. मी उठून त्याला ओरडून सांगितलं, पाण्याचा पाइप सांभाळ. तेवढंच. मुळांबद्दल बोलले नाही. मी जन्मभर शेतात राबलेली बाई आहे, मुळं तोडल्यावर झाडाचं काय होतं ते मला कुणी शिकवायला नको. पण पाइप फुटला असता तर त्या दिवशी घरात पाणी आलं नसतं, आणि झाड तर उभं दिसत होतं.

मग चर बुजवला, वर ब्लॉक बसवले. छान दिसायला लागलं. सूनबाईनं रांगोळी काढली.

झाड पडलं ते सकाळी, मी दूध तापवत असताना. मोठा आवाज झाला. बाहेर येऊन बघते तर झाड सगळ्या अंगणावर आडवं, फाटकाची भिंत फुटलेली, ब्लॉक उखडून एकावर एक चढलेले. कुणाला लागलं नाही. वारा होता का, तर होता, असा की दोरीवर वाळत घातलेली माझी साडी जागची हलली नव्हती. ब्लॉक उचकटले होते तिथं मुळांची तोंडं दिसत होती. मोडल्यावर मुळाचे धागे निघतात, फाटतं ते. ही मुळं सपाट होती, विळीनं दुधी चिरल्यासारखी.

शेंगा सगळ्या कच्च्या होत्या. कच्ची चिंच वाळवली तर सुरकुतते आणि तुरट होते. चटणीला तर नाहीच.

मुलगा आधी भाडेकरूंच्या गाड्या बघून आला, मग झाड बघितलं, मग मुळांकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं नाही. वरच्या मजल्यावर कायदा शिकलेला एक भाडेकरू आहे, त्याच्याकडे जाऊन आला आणि खाली येऊन म्हणाला, "आई, टेन्शन घेऊ नकोस. ठरलेली वस्तूच राहिली नाही तर विकणारा सुटतो. कायदाच आहे तसा." विकणाऱ्याची चूक नसेल तर, असंही तो भाडेकरू म्हणाला असणार. मुलगा तेवढं जिन्यावरच विसरून आला. मग त्यानं दोन मजूर लावले आणि मुळांच्या खड्ड्यात माती ओढून घेतली.

चिंचवालीला निरोप गेला. ती दुपारी आली. आळीतली माणसं जमलेलीच होती, माझे दीरही काठी घेऊन येऊन बसले होते. आमच्यात झाडाजनावराचा असा काही प्रसंग आला की त्यांना बसवतात. रीत सगळ्यांना ठाऊक आहे, तरी ती त्यांनी तोंडानं सांगायची. वाऱ्यानं, गारांनी, विजेनं गेलं तर ते घेणाऱ्याचं नुकसान. माणसाच्या हातानं गेलं तर देणाऱ्यानं भरून द्यायचं.

ती झाडाभोवती फिरली. फांदीवरची एक शेंग दाबून बघितली आणि सोडून दिली. खड्ड्याकडे गेली. मातीतून एका मुळाचं टोक वर राहिलं होतं, मजुरांनी ते काही नीट झाकलं नव्हतं. ती वाकली, त्या टोकावरून हात फिरवला, हाताची माती पदराला पुसली. ते मी बघितलं, मुलानं बघितलं आणि दिरांनीही बघितलं. मग दिरांनी घसा खाकरून विचारलं, "वारं व्हतं ना रं?"

मुलगा म्हणाला, "होतं तर. केवढं होतं."

शेजारचा म्हणाला, आमचा पत्रा वाजत होता. त्याच्या घराला पत्रा नाही, स्लॅब आहे. कुणी हसलं नाही.

दीर माझ्याकडे वळले. म्हातारी माणसं दोघंच होतो तिथं, माझ्या होकाराला वजन होतं. मी म्हणाले, पडलं खरं. वारं होतं असं मी म्हणाले नाही. नव्हतं असंही म्हणाले नाही. तेव्हा मला वाटलं, मी खोटं तर बोलले नाही ना. असल्या हुशारीला शाळा लागत नाही, माझी तर चौथीपर्यंतच झाली आहे.

चिंचवाली म्हणाली, "वाऱ्यापुढं कुणाचं चालतंय. ऱ्हाऊ द्या."

तिनं पैसे परत मागितले नाहीत. रीतीप्रमाणे ते गेलेच होते. मुलगा खिशात हात घालायला लागला तर तिनं मान हलवली. मला बाजूला घेऊन एवढंच म्हणाली, "आक्का, कसब्यात माझ्यासंगं चला. मी येकटी गेले तर तो म्हणंल बाई भाव वाढवाया बघती. तुमी सांगा, झाड पडलं म्हून. त्यानं यंदा सोडलं तर पुढच्या साली दुसरं झाड धरीन, पर गिऱ्हाईक जायाला नको."

मी हो म्हणाले. एवढं तरी करावं असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही धायरी फाट्यावरून बस धरली. ती खिडकीशी बसली. मी विचारलं, दुकानदार कसा आहे. म्हणाली, बोलायला वाईट, तोलायला चांगला. बाकी वाटभर आम्ही पडलेल्या झाडाबद्दल एक शब्द काढला नाही. मुळावरून हात फिरवलेली बाई माझ्या शेजारी बसली होती आणि मी तिला तिच्या गुडघ्याचं विचारत होते.

दुकान अरुंद, आत काळोख, समोर बरण्या. दुकानदार साठीचा, चष्मा कपाळावर. चिंचवालीनं सांगायला सुरुवात केली तसा त्यानं हात वर केला.

"बाई, मी आपल्याकडून चिंच ठरवली आहे. झाड नाही ठरवलं. आपलं झाड पडलं, वाईट झालं. महाराष्ट्रातली बाकीची झाडं उभी आहेत ना?"

ती म्हणाली, "मी तुमाला त्याच झाडाची म्हून सांगितली व्हती."

"आपण सांगितलंत. मी चव बघितली होती."

हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. आमचा शब्द झाडाला बांधलेला होता, झाडाबरोबर आम्ही सुटलो. तिचा शब्द चिंचेचा होता आणि चिंच काय, कुठंही मिळते. म्हणजे आमच्या अंगणात पडलेलं झाड शेवटी तिच्या एकटीच्या अंगावर पडलं होतं.

ती गयावया करणारी नव्हती. म्हणाली, दुसरीकडून आणून देते, पण तसली मिळायची नाही आणि माझ्या हातून तुम्हाला हलकी द्यायची नाही, म्हणून आधी सांगायला आले. वाऱ्यानं पाडलं, मी डोळ्यांनी बघून आले. या आक्का, यांच्या दारातलंच झाड. विचारा.

त्यानं चष्मा खाली घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मला बसायला स्टूल दिलं. माझं वय विचारलं, धायरी पूर्वी कशी होती ते विचारलं. मी सांगितलं, पडलं झाड, सकाळी पडलं, शेंगा कच्च्या आहेत. तेवढ्यावर तो नरमला. पुण्याचा माणूस नरमला तरी बोलणं नरम होत नाही. म्हणाला, "असू दे. वाऱ्याला नोटीस कुठं पाठवणार? यंदा जमेल तेवढी आणा, जमेल तशी आणा. पुढच्या वर्षी नीट." आणि पोऱ्याला चहा सांगताना त्याला म्हणाला, "आजींना साखर विचार. एवढ्या वयाचं माणूस साक्षीला उन्हातून आलंय. हल्ली कोण येतं?"

चिंचवालीनं पदरानं तोंड पुसलं. तिचं काम झालं होतं. मी चहा पिऊन उठायचं होतं, एवढंच उरलं होतं.

तो चहा आला. दुकानदारानं कप स्वतः माझ्या हातात दिला आणि म्हणाला, जुनी माणसं आहेत तोवर शब्दाला किंमत आहे. काल अंगणात सगळी आळी समोर असताना मी गप्प बसले होते, तेव्हा काही वाटलं नव्हतं. इथं एका अनोळखी माणसानं मला चांगली म्हटलं आणि ते मला सोसलं नाही. कप फळीवर ठेवून मी म्हणाले, "वारं नव्हतं. आम्ही मुळं तोडली गाड्यांसाठी. मी समोर होते."

चिंचवालीनं माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्यात. रस्त्यात ओझं घेऊन चाललेल्या माणसाला मागून कुणी धक्का दिला की ते वळून बघतं, तसं बघितलं.

दुकानदारानं चष्मा परत कपाळावर चढवला. माझ्याकडे न बघता तिला विचारलं, "आपल्याला माहीत होतं?"

ती नाही म्हणू शकत होती. मुळं झाकलेली होती, तिला कुणी दाखवली नव्हती. मी तिची बाजू उचलून धरली असती. पण ती म्हणाली, "व्हय. बघितली मी."

"मग मला वारा कशाला सांगितलात?"

उत्तर माझ्याकडे होतं. वारं म्हटलं की आम्हीही सुटत होतो, तीही सुटत होती, कुणाच्या दारात भांडण होत नव्हतं. तिला आळीत परत यायचं होतं, दुसरी झाडं धरायची होती. पण ते सांगायला माझं तोंड उघडलं नाही. उघडायचं ते आधीच उघडून झालं होतं.

दुकानदार म्हणाला, "ठीक. मग ठरल्याप्रमाणे माल पाहिजे मला. सगळा. आणि तसलाच." तो बरण्या पुसायला लागला. चहाचे पैसे चिंचवालीनं द्यायला काढले, तर म्हणाला, ते माझे आहेत, त्यात आपला काही संबंध नाही.

परत येताना बसला गर्दी होती. एक बाई उठली तशी चिंचवाली मला म्हणाली, "बसा, जागा हाय." ती उभी राहिली. धायरीपर्यंत तेवढंच बोलली.

घरी येऊन मी मुलाला सांगितलं की आपण चिंच भरून द्यायची. तो जेवत होता. हातातला घास खाली ठेवून म्हणाला, "तुला विचारलं कुणी? सगळं सेटल झालं होतं. ती सुद्धा तयार होती. तुला काय प्रॉब्लेम होता?" मी तशीच दिरांकडे गेले, त्यांना सांगितलं की मुळं तोडली होती. ते म्हणाले, ठाऊक हाय. मी म्हणाले, मग वारं कशाला विचारलंत? तर म्हणाले, "तुमी बोलाल म्हून इचारलं. दोनदा थांबलो मी तुमच्या तोंडाकडं बघत." आणि काठी आपटत आत गेले. एवढ्या वर्षांत दिरांसमोर मी पदर डोक्यावरून खाली येऊ दिला नव्हता. त्या दिवशी तो सावरायचंही भान राहिलं नाही.

मुलगा शेवटी तयार झाला, पण त्याच्या पद्धतीनं. होळीनंतर नवी चिंच बाजारात आली, तेव्हा मार्केट यार्डात गेला, चांगल्यातली चांगली चिंच बघून घेतली आणि आपल्या गाडीतून परस्पर कसब्यात पोचती केली. चिंचवालीला मधे त्रास कशाला, असं म्हणाला. मलाही ते बरं वाटलं. तिला ओझं नाही, खर्च नाही, तिचा शब्द राहिला. संध्याकाळी मुलगा हसत घरी आला. जेवताना सांगायला लागला, म्हातारा एकदम तिखट आहे. चिंच हुंगली, चाखली, चांगली आहे म्हणाला. कुठून आणली विचारलं. मार्केट यार्डातून म्हटलं. गाळा विचारला, तोही सांगितला. तर म्हणतो, "मग मला हे आधी कुणी सांगितलं नाही? मधे बाई कशाला हवी?"

सूनबाई हसली. मुलगा आणखी भात घेत होता. मी ताटावरून उठले. नुकसान आम्ही भरून दिलं होतं, अगदी वजनानं, आणि तेवढ्यात तिचं गिऱ्हाईक गेलं होतं. मुलाला ते कळलंही नाही. कळलं असतं तर म्हणाला असता, वस्तू दिली ना, विषय संपला.

दुसऱ्या दिवशी मी तिच्या गावी गेले. बसमधून उतरून चढ चढावा लागतो. ती घराच्या पडवीत बसून चिंच फोडत होती. समोर मोठा ढीग होता. मला वाटलं, कुठलं तरी झाड मिळालं असेल. पण त्या चिंचेचा रंग वेगळा होता, काळपट. कुण्या व्यापाऱ्यानं फोडायला टाकलेली होती, मजुरीवर.

तिनं मला पाणी दिलं. मी पायरीवर बसले आणि मुलानं काय केलं ते सांगितलं. गिऱ्हाईक गेलं हे सांगितलं. मला वाटलं, तिला अजून ठाऊक नसेल. ठाऊक होतं. दुकानदारानं कळवलं होतं, बोलायला वाईट असला तरी व्यवहाराला साफ माणूस. मी म्हणाले, मी त्या दिवशी बोलायला नको होतं.

तिचा हात थांबला नाही. शेंग फुटायची, चिंचोका निघायचा, गर एकीकडे पडायचा. म्हणाली, "बोलायला पायजे व्हतं. अंगणात. तितं बोलला असता तर तुमच्या पोरानं माझ्या हातात चिंच दिली असती आन् मी ती कसब्यात नेली असती. कसब्यात मला सोडवाया आला व्हता तुमी. तितं सोताच सुटलात."

ती तिचं काम करत राहिली. रिकामं बसवेना, म्हणून मी ढिगाकडे सरकले आणि एक शेंग उचलली. घरी दर उन्हाळ्यात फोडत आलेय, हाताला सवय आहे.

तिनं माझ्या हातातली शेंग घेतली आणि परत ढिगावर ठेवली.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "दुसऱ्याची हाय. तोलून दिलीया, तोलूनच घ्येनार."

बसला वेळ होता. मी पायरीवरच बसून राहिले, हात मांडीवर घेऊन. ऊन पडवीत यायला लागलं, तशी ती ढीग ओढून आणखी आत सरकली. मला आत या म्हणाली नाही, जा असंही म्हणाली नाही.